शिकणारे हात

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी मेळाव्यात विद्यार्थी मार्गदर्शन समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आताच या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आई-वडिलांच्या चेहऱ्यावरचे समाधान आपण सर्वांनी पाहिले. त्या समाधानात आम्हीही सहभागी आहोत. परंतु कार्यकारिणीने आमच्याकडे सोपवलेला विषय गुणपत्रिकेच्या थोडा पलीकडचा आहे. महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकत असताना प्रत्यक्ष काम करून शिकण्याच्या संधी कोणत्या, त्या आपल्या मुलामुलींपर्यंत का पोहोचत नाहीत, आणि त्या पोहोचवण्यासाठी आपण काय करावयाचे, एवढाच हा विषय आहे.

याविषयी बोलण्यापूर्वी एक प्रसंग सांगितला पाहिजे. मागील वर्षीच्या एका मासिक सभेत आम्ही विद्यार्थ्यांना उमेदवारी करता येईल अशा ठिकाणांची यादी वाचून दाखवत होतो. कारखान्याचा वर्कशॉप, छापखाना, रक्त तपासणारी लॅबोरेटरी, वकिलाचे कार्यालय, अशी ती यादी होती. वाचन चालू असतानाच आपले एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. त्यांनी नगरपालिकेच्या सफाई खात्यात तीस वर्षांहून अधिक नोकरी केलेली आहे. ते म्हणाले, "साहेब, पोराच्या हातात झाडू येऊ नये म्हणून मी जन्मभर झाडू धरला. आता पोरगा बीएस्सीला गेला, आणि तुम्ही म्हणता त्याला हातानं काम करायला पाठवा?"

सभा शांत झाली. आमच्यापैकी कोणालाही त्या दिवशी लगेच उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रश्न चुकीचा नाही

सर्वप्रथम हे सांगितले पाहिजे की, त्या काकांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो अनुभवातून आलेला होता. आपल्या घरांतल्या हातांना काम कधीच कमी पडले नाही. कमी पडले ते शिक्षण. पिढ्यान्‌पिढ्या हात एकाचे आणि पोथी दुसऱ्याची, अशी वाटणी होती. कातडे कमावणारा माणूस बाभळीची साल आणि हिरडा किती दिवस भिजवावा, पाणी केव्हा बदलावे, कातडे केव्हा तयार झाले हे नुसत्या बोटांनी ओळखत असे. हे रसायनशास्त्रच होते. पण त्याला ते कोणी शास्त्र म्हटले नाही, लिहून ठेवले नाही, आणि त्याच्या मुलाला शाळेत बसू दिले नाही. ज्याच्या हातात विद्या होती त्यालाच अडाणी ठरवले गेले. म्हणून आपल्या मागच्या पिढीने ठरवले की, आता हात नको, लेखणी हवी. हा निर्णय त्या काळी बरोबरच होता. त्या निर्णयामुळेच आज आपण या सभागृहात बसलो आहोत.

परंतु त्या निर्णयाची एक सावली मागे राहिली. शिक्षण म्हणजे बसून करण्याचे काम, आणि हाताने करण्याचे काम म्हणजे शिक्षणाचा अपमान, अशी समजूत घराघरांत रुजली. परिणाम असा झाला की, आपली मुले बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. होतात, परीक्षेत चांगले गुण मिळवतात, आणि मुलाखतीत "तुम्ही प्रत्यक्ष काय केले आहे?" असा प्रश्न आला की मान खाली घालतात. जो मुलगा वडिलांच्या दुकानात, मामाच्या कारखान्यात किंवा काकांच्या दवाखान्यात वावरत मोठा झाला, त्याला याचे उत्तर घरातच मिळालेले असते. आपल्या मुलाला ते मिळवावे लागते.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये काय मागितले

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यात नोकऱ्यांचा प्रश्न आहे, प्रतिनिधित्वाचा आहे, आणि शिक्षणाचाही आहे. शिक्षणाच्या भागात त्यांचा रोख स्पष्ट आहे. नुसते कला आणि कायद्याचे पदवीधर निर्माण होऊन समाजाची स्थिती पालटणार नाही. विज्ञानाचे आणि तंत्राचे वरच्या दर्जाचे शिक्षण मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने पैसा दिला पाहिजे. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आणखी एक मागणी केली. सरकारचे स्वतःचे छापखाने आहेत, रेल्वेचे वर्कशॉप आहेत, तेथे आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या.

हे कोण म्हणत होते, याचा विचार करा. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, अर्थशास्त्र आणि कायद्यात ज्यांच्या तोडीचा माणूस देशात विरळा, असा हा विद्वान वर्कशॉपमधली उमेदवारी मागत होता. त्यांना आपल्या मुलांना पुन्हा अंगमेहनतीला जुंपायचे नव्हते. ज्या दालनाची किल्ली इतरांनी आपल्या खिशात ठेवली होती, ती किल्ली त्यांना हवी होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. निवेदनातल्या उमेदवारीच्या मागणीची आठवण मात्र आपण फारशी ठेवली नाही.

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तेथे जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांचे प्राध्यापक होते. त्याच ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. तेथे मुले सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम करीत आणि त्यातून गणित, विज्ञान, इतिहास शिकत. हात आणि डोके यांची फारकत झाली की समाजाचीही फारकत होते, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. ज्या देशात ही फारकत जन्मावरून ठरवली गेली, त्या देशातल्या विद्यार्थ्याला या विचाराचे मोल वेगळे सांगावे लागले नसेल.

महाराष्ट्रातही उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतात, बांधकामावर एकत्र राबत. १९४७ मध्ये साताऱ्याला महाविद्यालय निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' हाच त्याचा पाया होता. तेथे कष्ट होतेच. पण ते सर्वांना सारखे होते, आणि कष्टाच्या पलीकडे पदवी होती. हा फरक नीट ध्यानात घ्या. आमचे पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे.

शिकणे आणि राबणे

हाताने शिकणे आणि हाताने राबणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. आमच्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थ्याचे उदाहरण सांगतो. रसायनशास्त्राचा हा विद्यार्थी तपासणीच्या एका खाजगी प्रयोगशाळेत उमेदवारीला गेला. तीन आठवडे त्याला काचेची भांडी धुण्यावर ठेवले. त्याच्याबरोबर आलेली इतर मुले दुसऱ्या आठवड्यात टायट्रेशनला बसली. हा सिंकपाशीच राहिला. विचारले तर उत्तर मिळाले, "तुझा हात चांगला बसलाय, तूच कर." मुलगा घरी काही बोलला नाही. आमच्याकडे आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. आडनाव विचारून झाल्यावर हे सुरू झाले, असे त्याचे म्हणणे होते.

आता दुसरे उदाहरण पाहा. त्याच विषयाची आपली एक विद्यार्थिनी दुसऱ्या प्रयोगशाळेत गेली. तिलाही पहिल्या आठवड्यात भांडीच धुवायला दिली. पण तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला सांगितले की, ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन चालत नाही. ज्या द्रावणाने ती भरायची, त्याच द्रावणाने शेवटी विसळायची. कारण आत पाण्याचे चार थेंब राहिले तरी द्रावण पातळ होते आणि मोजमाप चुकते. कोनिकल फ्लास्क मात्र डिस्टिल्ड वॉटरने विसळला तरी चालतो, कारण त्यात पदार्थ किती आहे हे पिपेटने आधीच मोजलेले असते. दोन भांड्यांना दोन नियम, आणि दोन्हींमागे कारण. चौथ्या दिवशी ती स्वतः टायट्रेशन करीत होती, आणि तिच्या बाईही आपली भांडी आपण धूत होत्या.

काम एकच, भांडी धुण्याचे. पण एक राबत होता आणि एक शिकत होती. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना तीन प्रश्न देऊन ठेवले आहेत. कोठेही उमेदवारीला जा, दर शनिवारी स्वतःला हे तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: हे काम येथे सगळे करतात, की फक्त मीच?

दुसरा प्रश्न: या कामामागचे कारण मला कोणी सांगते का, किंवा विचारले तर सांगते का?

तिसरा प्रश्न: मागच्या शनिवारी जे जमत नव्हते, ते या शनिवारी जमते का?

तिन्ही उत्तरे चांगली असतील तर काम कितीही कष्टाचे, घामाचे, काळ्या हातांचे असो, ते सोडू नका. तिन्ही उत्तरे वाईट असतील तर गप्प बसू नका. महाविद्यालयातील मार्गदर्शक प्राध्यापकांना सांगा, आम्हाला सांगा. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आमच्यातले दोघे त्याच्या प्राध्यापकांना घेऊन त्या ठिकाणी गेले. फारसे भांडण न करता उरलेल्या दिवसांचे वेळापत्रक लिहून मागितले. वेळापत्रक मिळाले आणि मुलगा टायट्रेशनला बसला. झालेले तीन आठवडे मात्र कोणी परत देऊ शकले नाही.

संधी कोणत्या आहेत

आता संधींविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी जे नवे अभ्यासक्रम आखले, त्यांत प्रत्यक्ष कामाला गुण मिळू लागले आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी संबंधित उपक्रम आणि ऑन जॉब ट्रेनिंग, ज्याला मुले ओजेटी म्हणतात, असे भाग आहेत. ओजेटीला चार श्रेयांक आहेत. अशा कामात एका श्रेयांकाला तीस तास धरतात, म्हणजे १२० तास काम झाले पाहिजे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातही चार श्रेयांकांचे ओजेटी आहे.

काही अभ्यासक्रमांना ही गोष्ट नवी नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. दोन वर्षांच्या बी.एड. मध्ये शाळेत जाऊन काम करण्याचे २० आठवडे आहेत. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हा कणाच मानला जातो. राष्ट्रीय सेवा योजना तर १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. तिच्यात वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. आपली पुष्कळ मुले एन.एस.एस. मध्ये असतात, पण शिबिरात आपण काय शिकलो हे लिहून ठेवत नाहीत. त्यामुळे पुढे ते कोणाला सांगता येत नाही.

पदवी किंवा पदविका झाल्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एक वर्षाची उमेदवारी करता येते. या कायद्यातील पाच गोष्टी प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असाव्यात. एक, ज्या आस्थापनेत कंत्राटी धरून तीस किंवा अधिक माणसे आहेत, तिने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे दोनशे माणसांच्या कारखान्यात किमान पाच. दोन, लेखी करार झाला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. तीन, विद्यावेतन मिळालेच पाहिजे. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ते महिना किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकासाठी ८,००० रुपये ठरले. अर्ज करताना त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. चार, काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मालकावर आहे. पाच, निर्देशित व्यवसायांत अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव आहेत. ही तरतूद १९७३ च्या दुरुस्तीने आली.

त्याचबरोबर हेही लक्षात असू द्या की, शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार मानला जात नाही, आणि उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेलच अशी हमी कायदा देत नाही. जो कोणी अशी हमी देऊन पैसे मागेल, त्याच्या दारात उभे राहू नका. सरकारी पोर्टलवर शिकाऊ उमेदवाराची नोंदणी विनामूल्य होते. मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ मध्ये झालेल्या कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पहिल्या दिवशी तिच्या अध्यक्षांचे नाव विचारून वहीत लिहून ठेवा. त्यात संकोच कसला?

शिक्का आणि भाडे

एवढ्या संधी असताना अडते कोठे? आमच्या अनुभवाप्रमाणे दोन ठिकाणी अडते.

पहिली अडचण ओळखीची. १२० तासांसाठी विद्यार्थ्याने जागा शोधावी, असे महाविद्यालय सांगते. ज्याच्या घरी कोणी ऑफिसर आहे, डॉक्टर आहे, त्याला एका फोनवर जागा मिळते. ज्याचे वडील रिक्षा चालवतात, त्याने कोणाला फोन करावा? मग तो कोणाकडून तरी शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणतो. १२० तासांपैकी १२० मिनिटेही काम झालेले नसते. परीक्षेत गुण मिळतात, वही भरलेली दिसते. मित्रांनो, आम्ही तुम्हाला कठोर शब्दांत सांगतो, असे प्रमाणपत्र आणणे म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी करणे होय. श्रीमंताच्या मुलाने शिक्का आणला तर त्याचे फारसे बिघडत नाही, कारण शिकण्याची दुसरी जागा त्याला आहे. आपल्याला तीच एक जागा होती.

दुसरी अडचण पैशाची. महाविद्यालयाच्या ओजेटीत बहुतेक ठिकाणी विद्यावेतन मिळत नाही. रोज सहा तास धरले तर १२० तासांचे वीस दिवस होतात. जाण्यायेण्याचे भाडे आणि दुपारचे खाणे मिळून दिवसाला शंभर रुपये धरा, म्हणजे दोन हजार रुपये झाले. शिवाय जो विद्यार्थी सुट्टीत काम करून फी भरतो, त्याची वीस दिवसांची मजुरी बुडते. दोन हजार रुपयांसाठी एखाद्या मुलीने चांगली जागा सोडून घराजवळचा शिक्का पत्करला, तर दोष तिचा एकटीचा नाही, आपलाही आहे.

वस्ती हीसुद्धा प्रयोगशाळा आहे

संधी फक्त कंपनीतच असते असे समजू नका. आपल्याकडील अर्थशास्त्राच्या तीन विद्यार्थ्यांनी क्षेत्रीय प्रकल्प म्हणून आपल्याच वस्तीतले पाणी मोजले. साधने दोनच, एक बादली आणि एक घड्याळ. पंधरा लिटरची बादली दीड मिनिटात भरत होती, म्हणजे मिनिटाला दहा लिटर. नळ दोन तास चालत होता, म्हणजे १,२०० लिटर. त्या नळावर आठ घरे, चाळीस माणसे. माणशी तीस लिटर झाले. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे सरकारी मानक माणशी दररोज १३५ लिटर आहे. या मुलांनी आठ दिवस सकाळी साडेपाचला उठून मोजमाप घेतले, कारण एका दिवसाच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. मग तक्ता करून वॉर्ड कार्यालयात अर्ज दिला.

त्यापूर्वी वस्तीतून अनेक अर्ज गेले होते. "पाणी कमी येते, कृपया लक्ष द्यावे," असे त्यांत लिहिलेले असे. या वेळी अर्जात आकडे होते. दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाचा माणूस मोजायला आला. पाणी लगेच दुप्पट झाले असे आम्ही म्हणणार नाही. नळाची वेळ अर्ध्या तासाने वाढली, म्हणजे माणशी साडेसात लिटर जास्त मिळाले. पण त्या तिघांना सरासरी, नमुना आणि मानक हे शब्द आता पुस्तकात शोधावे लागत नाहीत.

आपण काय करावयाचे

केवळ उपदेश करून आम्ही थांबणार नाही. संस्थेपुढे चार सूचना ठेवतो.

पहिली, सभासदांची कामवार नोंदवही करावी. आपल्या सभासदांत रेल्वेचे फिटर आहेत, इस्पितळातले तंत्रज्ञ आहेत, बँकेतले कर्मचारी, शिक्षक, वकील, छापखान्यातले कामगार, नर्सेस आहेत. प्रत्येकाने वर्षातून एका विद्यार्थ्यासाठी आपल्या ठिकाणी रीतसर परवानगी विचारावी, किंवा निदान कोणाला भेटावे ते सांगावे. आपल्या मुलांना मामा-काका नाहीत असे म्हणू नका. हे सभागृह भरून मामा-काका आणि मावश्या-आत्या बसल्या आहेत.

दुसरी, प्रवास निधी उभारावा. जयंतीच्या वर्गणीतून काही भाग बाजूला ठेवला तरी दरवर्षी दहा-वीस विद्यार्थ्यांचे भाडे भागेल. दोन दिवस वाजणाऱ्या डीजेच्या खर्चात किती विद्यार्थ्यांचे वीस-वीस दिवस बसतात, याचा हिशोब ज्याने त्याने घरी करावा.

तिसरी, प्रत्येक विद्यार्थ्याने कामाची वही ठेवावी. रोज चार ओळी पुरेत. आज काय केले, काय चुकले, का चुकले, उद्या काय विचारायचे. मुलाखतीत प्रमाणपत्र सगळेच दाखवतात. चुकलेल्या गोष्टी सांगू शकणारा उमेदवार ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो.

चौथी, समितीतील एका ज्येष्ठ सभासदाने उमेदवारीच्या काळात निदान एकदा त्या ठिकाणी जाऊन यावे. आपल्या मुलामागे कोणी आहे हे दिसले की, सिंकपाशी ठेवणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

आता पुन्हा त्या काकांकडे येतो. मागील हिवाळ्यात सिव्हिल इंजिनिअरिंगची आपली एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी वस्तीतील सांडपाण्याच्या वाहिन्यांचा नकाशा करीत होती. तिला मिळालेल्या जुन्या नकाशात अर्धी चेंबर्स नव्हतीच. आम्ही तिला काकांकडे नेले. दोन दिवस ते तिच्याबरोबर गल्ल्यागल्ल्यांतून हिंडले. कोणते चेंबर कोठे बुजले आहे, कोणती वाहिनी पावसाळ्यात उलटी वाहते, कोठे उतार कमी पडला आहे, हे सर्व त्यांनी जागेवर उभे राहून सांगितले. कोणी खाली उतरले नाही. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे तिनेच त्यांना सांगितले. काका क्षणभर गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "आमच्या वेळेला असता तर दोन मित्र वाचले असते." मुलीने लेव्हल मशीन लावून उतार मोजला. काकांनी ज्या ठिकाणी उतार कमी असल्याचे सांगितले होते, तेथे तो कमीच निघाला.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा तिने मार्गदर्शक म्हणून प्राध्यापकांच्या नावाखाली काकांचे नाव लिहिले. काकांनी ते पान आम्हाला आणून दाखवले. त्यांनी आपला प्रश्न मागे घेतला असे आम्ही म्हणत नाही, आणि त्यांनी तो मागे घेऊही नये. मुलाच्या हातात पुन्हा सक्तीचे काम येता कामा नये, यासाठी कोणीतरी सतत प्रश्न विचारत राहिले पाहिजे. पण आता ते मासिक सभेत उमेदवारीची यादी वाचताना मध्येच थांबवतात आणि विचारतात, "तिथं कारण सांगतात का पोरांना?" आमच्या तीन प्रश्नांतला दुसरा प्रश्न त्यांनी असा आपला करून घेतला आहे. त्यांचा मुलगा येत्या उन्हाळ्यात ओजेटीला जाणार आहे, आणि त्याच्यासाठी जागा पाहायला काका स्वतः आमच्याबरोबर येणार आहेत.

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्या आजोबांच्या हातांना विद्या होती पण मान नव्हता. तुमच्या वडिलांनी मानासाठी हात बाजूला ठेवले. तुम्हाला दोन्ही एकत्र आणायची आहेत. नोंदवही या सभेच्या शेवटी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. सभासदांनी आपले काम आणि ठिकाण लिहावे. विद्यार्थ्यांनी आपला विषय आणि महिना लिहावा. नाव न लिहिता कोणीही घरी जाऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम. नमो बुद्धाय.